शेवाळाचा घाट

माझ्या आईने जन्मभर शेवाळ घासून काढलं आणि मी शेवाळ वाढवायचं ठरवलं, तेव्हा आमच्या घरात काय वातावरण झालं असेल याची कल्पना करा. अंगणातल्या सिमेंटच्या हौदाला जराशी हिरवी कड दिसली, की आई पदर खोचून, नारळाचा काथ्या आणि विटेची भुकटी घेऊन आत उतरायची. शेवाळ म्हणजे घाण, शेवाळ म्हणजे पाय घसरणं, शेवाळ म्हणजे घरातली बाई आळशी. आणि आता तिची आर्किटेक्ट झालेली मुलगी तिच्यापुढे कागद पसरून सांगत होती, की विहारामागच्या ओढ्यावर मी एक घाट बांधणार आहे आणि त्याच्या पायऱ्यांवर मुद्दाम शेवाळ धरू देणार आहे.

"आधी आपल्या हौदातलं काढ," आई म्हणाली आणि चहा ठेवायला निघून गेली.

आमचं गाव देवळाली प्रवराच्या अलीकडे. नगरपालिका आहे म्हणून शहर म्हणायचं, नाहीतर चारी बाजूंनी ऊसच. सगळ्या शहरातून वाहत येणारा ओढा शेवटी आमच्या वस्तीत येतो. शेवटी का, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गावाने जुन्या काळी कुणी कुठे राहायचं ते ठरवलं, तेव्हा ओढ्याची खालची बाजू आमच्या लोकांच्या वाट्याला आली. गावाचं पिऊन, धुऊन, ओतून झालं की ते पाणी आमच्याकडे. पुढे आजोबांच्या पिढीने धम्म स्वीकारला, मुलं शिकली, कुणी शिक्षक झालं, कुणी साखर कारखान्यात चिकटलं, कुणी बँकेत गेलं, पत्र्याच्या घरांना स्लॅब पडले. ओढा मात्र वाहायचा तिकडूनच वाहत राहिला.

या ओढ्याला लागून आमचं बुद्धविहार आहे. विहाराला दोन दारं. पुढचं रस्त्यावर उघडतं, मागचं ओढ्यावर. मागचं दार जास्त मोठं आणि जास्त देखणं आहे, कारण विहार बांधलं तेव्हा ओढ्याचं पाणी चांगलं होतं आणि ते दिसावं म्हणूनच तिकडे दार ठेवलं होतं. आई लग्न होऊन आली तेव्हा वंदनेच्या वेळी ते सताड उघडं असायचं. पाण्यावरून गार वारा आत यायचा, समोरच्या मेणबत्त्या विझायच्या आणि नव्या सुनांना त्या पुन्हा पुन्हा लावाव्या लागायच्या. आई त्या मेणबत्त्यांबद्दल तक्रारीच्या सुरात बोलायची, पण बोलताना हसायची. मग शहर वाढलं, वास सुरू झाला, डास आले आणि एक दिवस ते दार बंद झालं. त्याला लोखंडी कपाट लावलं. मला कळायला लागल्यापासून मी त्या जागी कपाटच बघत आले. "ते दार एकदा उघडल्यालं बघायचंय मला," हे आईचं ठरलेलं वाक्य. इतरांच्या आया काशी-गया म्हणतात, माझी आई दार म्हणायची.

तर त्या दारामागे एका सकाळी लोखंडाच्या सळ्या येऊन पडल्या. नगरपालिका ओढा झाकणार होती. वरून स्लॅब, त्यावर पार्किंग. मी नकाशा मागून घेतला, पातळ्या बघितल्या आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. स्लॅब दाराच्या निम्म्या उंचीवर येत होता. म्हणजे दार उघडणं सोडाच, ते विटांनी चिणून टाकायचं होतं.

मी भडक डोक्याची आहे हे आमच्या वस्तीत सगळ्यांना ठाऊक आहे. नगरपालिकेच्या इंजिनिअर साहेबांनाही त्या दिवशी ते कळलं. पण माणूस चांगला निघाला. माझं सगळं ऐकून घेतलं, पंखा वाढवला, पाणी मागवलं आणि म्हणाले, "मॅडम, वास येतो म्हणून लोकच स्लॅब मागतात. तुम्ही वास घालवून दाखवा. बुद्ध पौर्णिमेनंतर तुमच्या पट्ट्यात काम धरणार आहे. तोवर पाणी सुधारलं, तर तेवढा पट्टा मी उघडा ठेवतो. नाही सुधारलं, तर मात्र अडवायचं नाही." मी हो म्हणाले. बाहेर आल्यावर, खरं सांगायचं तर, मला जिन्यावरच नाचावंसं वाटत होतं.

कारण चित्र माझ्या डोक्यात कधीचं तयार होतं. विहारामागे ओढ्याला बऱ्यापैकी उतार आहे. वरच्या अंगाला छोटा बांध घालून पाणी अडवायचं, प्लॅस्टिक जाळीला अडकवायचं, गाळ एका खड्ड्यात बसू द्यायचा. मग ते पाणी रुंद, बसक्या पायऱ्यांवरून इतकं पातळ पसरून सोडायचं, की त्यात पाऊलही पुरतं बुडू नये. पायऱ्या आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या, पण गुळगुळीत नाहीत. पाट्याला टाकी लावतात तशी टाकी मारलेल्या, म्हणजे त्या बारीक खळग्यांत शेवाळाला धरायला जागा मिळते. सांडपाण्यातलं जे खाऊन जलपर्णी माजते, तेच शेवाळही खातं आणि उन्हात पाण्याला प्राणवायू देतं. संडासांच्या लाइनी आधीच गटारात वळवलेल्या होत्या म्हणून हे जमण्यासारखं होतं. शेवाळ काही जादू करत नाही. शिवाय ते आठवड्याला खरवडावं लागतं, नाहीतर कुजतं आणि खाल्लेलं सगळं परत पाण्यात ओकतं. खरवडताना एक आड एक पायरी सोडायची, म्हणजे उरलेल्या शेवाळातून पुन्हा धरतं.

आणि दोन्ही काठांना उंच, कोरड्या पायऱ्या. नुसत्या बसायला. मला गाळणी बांधायची नव्हती, घाट बांधायचा होता. बायकांनी संध्याकाळी येऊन टेकावं, म्हाताऱ्यांनी तंबाखू मळावी, परीक्षेच्या दिवसांत पोरींनी पुस्तकं घेऊन यावं. माणसं जिथे बसतात ती जागा माणसंच राखतात.

दगड नगरपालिकेने दिला, हात वस्तीने दिले. थंडी संपायच्या आत घाट उभा राहिला आणि आम्ही त्यावर पाणी सोडलं. सुरुवातीला जे झालं ते बघून मी स्वतःच घाबरले. पायऱ्यांवर तपकिरी, चिकट असा थर आला. आई रोज संध्याकाळी येऊन बघायची, नाकाला पदर लावायची आणि काही न बोलता जायची. तिचं न बोलणं मला बोलण्यापेक्षा जास्त लागतं.

बोलायचं काम मावशीकडे होतं. मावशी म्हणजे विहारासमोरच्या कोपऱ्यावर जिची भज्यांची गाडी आहे ती. मूळची पाथर्डीकडची. दरसाल नवऱ्याबरोबर ऊसतोडीला यायची, एका वर्षी परत गेलीच नाही. आमच्या वस्तीतली नाही, पण वस्तीतल्या प्रत्येक गोष्टीत तिचं नाक असतं आणि तिच्याशिवाय आमचं पानही हलत नाही. "येवढी साळा शिकून बाईनं शेवाळ पाळलंया," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला भज्यांबरोबर ऐकवायची. "लोकं म्हशी पाळत्यात, शेरडं पाळत्यात. ह्येला दूध कवा निघतंय ते बगू!"

मग फेब्रुवारीच्या उन्हाबरोबर हिरवं आलं. आधी खळग्यांतून ठिपके, मग पट्टे, मग सबंध पायरीभर मऊ, पोपटी, पाण्याबरोबर हलणारं शेवाळ. एका दुपारी मी बघितलं, तर त्याच्या केसांमधून बारीक बुडबुडे उठत होते. अक्षरशः सोडा वॉटर! तो प्राणवायू होता. आमच्या ओढ्याचं पाणी श्वास घेत होतं. मी काठाच्या पायरीवर पालथी झोपून, तोंड पाण्याजवळ नेऊन बघत राहिले. मावशीला वाटलं मला चक्कर आली. ती झारा हातात घेऊनच पळत आली. मी तिला ओढून शेजारी बसवलं आणि म्हटलं, बघ, हे बघ! तिने झारा बाजूला ठेवला आणि वाकून बघितलं.

"भजी तळल्यावानी दिसतंय," ती म्हणाली. त्यानंतर मात्र तिची गिऱ्हाइकं भजी घेऊन घाटावर बसायला लागली, कारण मावशीच त्यांना तिकडे पाठवायची.

मार्च संपेपर्यंत वास निम्म्यावर आला. बांधाच्या वर उभं राहिलं की नाक धरावं लागायचं आणि घाटाच्या खाली उभं राहिलं की नाही. मी दिवसातून कितीदा वर-खाली करायचे आणि नाकाने वास ओढायचे, लोकांना वाटलं मला सर्दी झाली आहे. एके संध्याकाळी आईने पहिल्यांदा नाकाचा पदर काढला. विहारात जाऊन कपाटाला हात लावून बघितला, हलतंय का. मी ते खिडकीतून बघितलं आणि तिला दिसू नये म्हणून खाली बसले. मला रडू येत होतं.

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात मला मिरजगावला जावं लागलं. तिथे माझ्या एका घराचा स्लॅब पडायचा होता आणि स्लॅब पडताना आर्किटेक्टने हलायचं नसतं. मिक्सर बिघडला, काम लांबलं, मुक्काम वाढला. इकडे जयंती तोंडावर आलेली. जयंतीच्या आधीचे दिवस आमच्या वस्तीत म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी धामधूम. घरं धुतात, भिंती रंगवतात, गटारं उपसतात, ट्रान्सफॉर्मरच्या खांबालासुद्धा कुणी तरी निळा पट्टा मारतं. मी फोनवर सांगितलं, उद्या पोचते, माझ्यासाठी निळी साडी काढून ठेव. आई म्हणाली, "ये तर खरं. घाट बगून खूश हुशील."

त्या "खूश हुशील"ने मी खरंच खूश झाले. एसटीच्या खिडकीशी बसून सबंध रस्ताभर मी हिरव्या घाटावर निळे झेंडे कसे दिसतील याचा विचार करत होते.

संध्याकाळच्या उजेडात मी थेट विहारामागे गेले. झेंडे होते. घाट हिरवा नव्हता. घाट पांढराशुभ्र होता. पांढराही नाही, चुन्यात नीळ घातल्यावर येतो तसा फिकट निळा. वरच्या पायरीपासून खालच्या पायरीपर्यंत, एकसारखा, चकचकीत. कोरड्या पायऱ्यांवर रांगोळ्या. पाणी वाळूची पोती टाकून बाजूच्या चरात वळवलेलं. आणि शेवाळ? शेवाळ घमेल्यात भरून उकिरड्यावर गेलेलं, काथ्याने, विटेने, तारेच्या ब्रशने, खळग्याखळग्यातून घासून काढलेलं. ज्या सफाईने ते काढलं होतं, ती सफाई आमच्याच घरातली होती, हे मी बघताक्षणी ओळखलं.

वस्तीतल्या बायका ओळीने उभ्या होत्या. चुन्याने माखलेले हात, दमलेले, आनंदी चेहरे. मध्ये आई. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगते, की मावशीसारखी बाई गाडी सोडून घरात गेली. महिनोन् महिने धरलेलं शेवाळ, तोंडावर आलेली पौर्णिमा, पलीकडे पडलेल्या सळ्या! मी शेवटी ओरडले, "कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"म्या सांगितलं," आई म्हणाली. तिचा आवाज मुळीच चढला नाही. "उद्या समदं गाव जेवाया येनार. वरच्या आळीची लोकं ह्या वाटंनं येत्यात. त्यांच्या म्होरं हिरवं, बुळबुळीत ठिवायचं? जलमभर ऐकलंय, ह्यांच्याकडं घानच आसती म्हनून. मी न्हाई ऐकून घ्यायची आता. जयंतीच्या दिवशी तर न्हाईच."

मी पायरीवर बसले, तर साडीला निळा चुना लागला.

दुसऱ्या दिवशी जयंती झाली. मिरवणूक निघाली, बँड वाजला, गावातली माणसं जेवायला आली. निळ्या घाटाचं प्रचंड कौतुक झालं. वरच्या आळीच्या सुना त्याच्यापुढे उभ्या राहून सेल्फी काढत होत्या. इंजिनिअर साहेबही आले, म्हणाले, "छान रंगवलंय हो." मी त्यांच्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्यावर त्यांनी पुढे विषय वाढवला नाही.

मग ऊन चढलं. चरातून वाहणारं, काही न गाळलेलं, कुणी न खाल्लेलं पाणी तापलं आणि वास उठला. जुना, ओळखीचा वास, पंगत नेमकी बसलेली असताना. मी वाढत होते. एका पाहुणीने हळूच रुमाल काढून नाकाला लावला, मग दुसरीने, मग सबंध ओळीने. माणसं सभ्य होती, जेवत राहिली. आई बुंदीचं ताट घेऊन मध्येच उभी राहिली. तिने ते रुमाल बघितले. मी तिचा चेहरा बघितला आणि माझा सगळा राग त्या ताटापाशी संपला.

भांडी घासून झाल्यावर आई माझ्यासमोर येऊन बसली. "ते शेवाळ परत कसं आनायचं, सांग."

मला एवढंच ऐकायचं होतं! मी ताडकन उठलेच. चुना अजून कच्चा होता, पुरता धरला नव्हता. तो घासून काढायचा, पण चुन्याचं पाणी ओढ्यात जाऊ द्यायचं नाही, नाहीतर आहे तेही मरेल. मग कुठून तरी जिवंत शेवाळ आणून पायऱ्यांवर लावायचं आणि पाणी सोडायचं. ऊन तर आपलंच आहे, एप्रिलचं, नगरी ऊन. माणसाला नकोसं, शेवाळाला हवंसं.

सकाळी बघते, तर सगळ्या बायका तारेचे ब्रश घेऊन हजर. ज्यांनी लावलं त्याच काढायला आल्या होत्या आणि लावताना जेवढ्या हसत होत्या त्याहून जास्त आता हसत होत्या. कुणी म्हणे चिंच लावू, तांब्याची भांडी निघतात. कुणी म्हणे ताक. खरंच कुणी तरी ताकाची कासंडी आणली आणि मावशीने ती पिऊन टाकली. मावशीचा रुसवा तेवढ्यात गेला. चुन्याचं पाणी घमेल्यांनी उपसून आम्ही लांब माळावर नेऊन टाकलं. खालचा काळा दगड पुन्हा दिसायला लागला तेव्हा मी त्याच्यावरून हात फिरवला. खळगे शाबूत होते.

आता शेवाळ. प्रत्येक घरात हौद आहे, प्रत्येक हौदाला शेवाळ असतं, त्यात काय अवघड, असं मला वाटलं होतं. पण जयंती नुकतीच झालेली! सबंध वस्तीत एकूण एक हौद आरशासारखा घासलेला. आम्ही घरोघर फिरलो, ड्रम उलटे केले, माठाची बुडं बघितली. हिरवा ठिपका मिळेना. जन्मात पहिल्यांदाच वस्तीतल्या बायका आपल्या स्वच्छतेला शिव्या देत होत्या.

"तुमच्या पाथर्डीतून आणता येईल का गं मावशी?" मी काकुळतीला येऊन विचारलं.

"आमच्याकडं उन्हाळ्यात कुठलं शेवाळ? त्याला बी पानी लागतं," ती म्हणाली. "ते बी आमच्यावानी ऊस तोडाया हिकडंच आलं आसंल. शेतांनी बगा."

आणि ते खरंच शेतांतच होतं. आम्ही टेम्पो काढला, बादल्या आणि ओली गोणपाटं भरली आणि वस्त्या-वस्त्यांवरून फिरत सुटलो. जनावरांचे हौद, विहिरींच्या पायऱ्या, पाटाच्या कडेचे दगड. शेतकरी आधी आमच्याकडे संशयाने बघायचे. कुणी देणगी मागायला आलंय वाटायचं, कुणी मतं. शेवाळ मागायला आलोय म्हटल्यावर त्यांची तोंडं उघडीच राहायची. एक आजोबा तर घरात जाऊन सुनेला बोलावून घेऊन आले, की हे तू पण ऐक. पण फुकटात हौद धुऊन मिळतोय म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? आई चप्पल काढून हौदात उतरायची. तोच काथ्या, तेच हात, पण आता विटेची भुकटी नाही. जपून, मुळाशी बोटं घालून, लांबच्या लांब पट्टा सोडवून ती मला वर द्यायची आणि ओरडायची, "पिळू नगं! ओलंच ठिव!" टेम्पोत तिने सगळ्यात भरलेली बादली मांडीवर घेतली. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला बादलीवर हात ठेवायची. मी बघत होते आणि मला इतकं हसू येत होतं, की टेम्पोवाल्याने दोनदा मागे वळून बघितलं.

घाटावर लावायचं कसं, हा प्रश्न मला पडला होता. माझ्या डोक्यात जाळ्या होत्या, दोऱ्या होत्या. तोवर आईने बादलीत शेवाळ कुस्करून, पाणी घालून सरबरीत केलं आणि अंगणात सडा टाकतात तसा ओंजळीने पायऱ्यांवर टाकायला सुरुवात केली. झालं, सगळ्या बायका सुरू झाल्या. हिरव्या सड्याने घाट भरला. वरून ओली गोणपाटं अंथरली आणि मग मी स्वतः वाळूची पोती ओढून पाणी सोडलं, अगदी बारीक धारेने. पाणी पहिल्या पायरीवर पसरलं, दुसरीवर उतरलं, शेवटच्या पायरीपर्यंत गेलं. कुणी तरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनी वाजवली.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. पौर्णिमेला किती दिवस राहिले हे मी कॅलेंडरवर बघायचं सोडून दिलं होतं. शेतातलं शेवाळ स्वच्छ पाण्यातलं, त्याला आमचं पाणी मानवेल की नाही ही धास्ती होती. काही पिवळं पडून वाहून गेलंच. पण काही चिकटलं. बांधाच्या आतल्या कडेला आमचंच जुनं शेवाळ थोडं वाचल्याचं आता दिसलं, तेही खाली उतरायला लागलं. ऊन असं तापलं, की मावशीने दुपारची गाडी बंद केली, आणि त्या उन्हात आमचा घाट पायरी-पायरीने हिरवा होत गेला. आई रोज सकाळी माझ्याआधी तिथे असायची. गोणपाट उचलून बघायची आणि मला हाक मारायची, "आगं, धरलं! तिसरी पायरी बी धरली!" ज्या बाईने जन्मभर शेवाळाला जगू दिलं नाही, ती शेजारणींना हात धरून ते दाखवायला आणत होती. एका दुपारी ती डोक्यावर ओला टॉवेल टाकून पायरीवर पालथी झाली. मला माहीत होतं, ती बुडबुडे बघत होती.

पौर्णिमेच्या सकाळी इंजिनिअर साहेब आले. बांधाच्या वरचं पाणी एका काचेच्या बाटलीत घेतलं, घाटाखालचं दुसऱ्या बाटलीत. दोन्ही उन्हात धरल्या. एकीत चहा वाटावा असा रंग, दुसरीतून पलीकडचे निळे झेंडे दिसत होते. त्यांनी दुसरीचं बूच काढून वास घेतला, पुन्हा घेतला.

"सळ्या उचलायला टेम्पो पाठवतो," ते म्हणाले. "हा पट्टा उघडा राहील."

मी किंचाळले. पन्नाशीकडे झुकलेल्या बाईने असं किंचाळू नये, पण मी किंचाळले, आणि मावशी माझ्याहून मोठ्याने.

मग सगळे विहारात धावले. कपाट सरकवलं. मागून दार निघालं, धुळीने भरलेलं, कोळिष्टकांनी विणलेलं. कडी गंजून बसली होती. आईने तिच्यावर खोबरेल तेल ओतलं, मी हातोडीने ठोकलं. कडी निघाली पण दार हलेना. लाकूड फुगलं होतं. आम्ही सगळ्यांनी खांदे लावले. एकदा, पुन्हा, पुन्हा, आणि ते कर्रर्र करत बाहेरच्या बाजूला गेलं.

उजेड आला. पायऱ्यांवरच्या पाण्याचा उजेड छतावर पडून हलायला लागला, बुद्धमूर्तीच्या खांद्यावर हलायला लागला. वारा आत आला आणि समोरच्या मेणबत्त्या विझल्या. कुणी लावायला पुढे झालं नाही. सगळे आईकडे बघत होते. तिने पदराने डोळे पुसले, काडेपेटी उचलली, मेणबत्त्या लावल्या. वाऱ्याने पुन्हा विझवल्या. ती हसायला लागली, अगदी नव्या सुनेसारखी.

वंदना झाल्यावर ती त्या दारातून बाहेर पडली आणि कोरड्या पायऱ्यांनी खाली उतरत गेली. मला वाटलं ती घाट बघायला चालली आहे. पण ती थेट शेवटच्या पायरीपाशी गेली, जिथून पाणी आमची वस्ती सोडून पुढे जातं, आणि तिथे उभी राहून पाण्याच्या पुढे बघत राहिली.

"हितनं फुडं कुनाकडं जातं गं हे?" तिने विचारलं.

"खालच्या वस्तीवर. मग शेतांतून प्रवरेला."

ती वाकली. वाहत्या पाण्यात हात घातला, मनगटापर्यंत, आणि तसाच ठेवला. वर आमच्या वस्तीत येणारं पाणी अजून काळंच होतं, ते आम्हा दोघींना दिसत होतं.

"दुसऱ्याचं वापरल्यालं पानी घेत आलो आपन," आई म्हणाली. "आपल्याकडनं आता चांगलं जातंय."

तिने ओला हात पदराला पुसला, पायऱ्यांवरच्या दाट हिरव्या शेवाळाकडे एक नजर टाकली आणि म्हणाली, "रविवारी खरवडाया मला बोलीव. एक आड एक पायरी. ध्यानात हाय माझ्या."